लहान तोंडी खरा घास
(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या सोहळ्यात शाळेच्या निकालांचा, वास्तूचा आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. शाळेचा सर्वांत धाकटा वर्ग मात्र अशा प्रसंगी बहुधा एका नाचापुरता व्यासपीठावर येतो आणि टाळ्या घेऊन निघून जातो. आजचा विषय त्या बालवर्गाचा आहे. तीन ते सहा वर्षांची मुले आपल्या घराविषयी काय बोलतात, कसे बोलतात आणि कोणासमोर बोलतात, याचा थोडा विचार येथे करायचा आहे. विषय हसू आणणारा आहे, आणि मोठ्यांची परीक्षा पाहणाराही आहे.

बालवर्गाच्या कोणत्याही बाईंना विचारावे. वर्गातल्या प्रत्येक घरात काल रात्री कोणती भाजी होती, ती कोणी ताटात टाकली आणि त्यावरून कोण कोणाशी बोलेनासे झाले, हे सारे त्यांना सकाळच्या प्रार्थनेपूर्वीच कळलेले असते. 'आई काय करते?' या प्रश्नाला 'आई बँकेत आहे' असे काही उत्तर अपेक्षित असते. मूल म्हणते, 'आई दमते.' 'बाबा काय करतात?' 'बाबा ऑफिसात जातात, आणि घरी आले की मोबाइल बघतात.' 'आणि आजी?' 'आजी देवाची पूजा करते, मग आईला बोलते.' या तीन उत्तरांत एक शब्द खोटा नाही. तीस वर्षांच्या संसाराचे सार कादंबरीकाराला तीनशे पानांत सांगावे लागते, ते येथे तीन वाक्यांत उरकते.

घरी पाहुणे आले की या गुणाला विशेष बहर येतो. हळदीकुंकवाला आलेल्या काकूंच्या ओटीत ब्लाउजपीस पडताच शेजारी उभी असलेली चार वर्षांची कन्या आनंदाने सांगते, 'काकू, हा तुम्हीच दिला होता! आई म्हणाली, असला रंग कोण घालणार?' ब्लाउजपीस घरोघर फिरत असतो हे महाराष्ट्रातील प्रत्येक सुवासिनीला ठाऊक आहे. ते उघड बोलायचे नसते, एवढीच एक बाब त्या मुलीला ठाऊक नसते.

मे महिन्याच्या सुटीत दिल्लीहून गावी निघालेल्या गाडीतही हेच घडते. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास रेल्वेत तिकीट लागत नाही. तिकीट तपासनीस वय विचारतो. वडील सहजपणे सांगतात, 'चार.' वरच्या बर्थवरून तत्काळ दुरुस्ती येते, 'नाही बाबा, पाच! तुम्हीच केक आणला होता, विसरलात का?' दिल्ली मेट्रोत वयाऐवजी उंची पाहतात. मोठ्यांसोबत असलेल्या तीन फुटांपर्यंतच्या मुलाला तिकीट नाही. तेथे आई मुलाला जरा वाकायला सांगते, आणि आपण मोठे झालो हे दाखवण्याची संधी मिळाल्यामुळे मूल टाचा उंचावून उभे राहते.

दिल्लीतील मराठी घरांत या स्पष्टवक्तेपणाला आणखी एक धार आहे. पहाडगंज असो, करोलबाग असो की नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्या असोत, चारचौघांत मराठी बोलणे हा मोठ्यांचा हक्काचा आडोसा असतो. भाजीवाल्यासमोर, घरमालकिणीसमोर, शेजारच्या आसनावर बसलेल्या परक्या माणसासमोर मनातले मराठीत बोलून मोकळे होता येते. समोरच्याला ते कळणार नाही अशी खात्री असते. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी शिकलेले मूल मात्र हा आडोसा जाणत नाही. त्याच्या लेखी दोन भाषा म्हणजे एकच गोष्ट दोन प्रकारच्या माणसांना सांगण्याची सोय. आई हळूच म्हणते, 'हा वजनात मारतो, पुढच्या गाडीवर जाऊ.' मूल लगेच कळवते, 'भैया, मम्मी कह रही है आप कम तोलते हो।' भाड्याच्या घरात पाहुणे फार दिवस राहिलेले घरमालकिणीला खपत नाही, म्हणून मावशीचा मुक्काम गुप्त ठेवलेला असतो. जिन्यात गाठ पडताच मूल सांगते, 'आंटी, हमारे यहाँ मौसी आई है, पर आपको बताना नहीं है।' निरोप पूर्ण पोहोचतो, त्याला जोडलेल्या सूचनेसह पोहोचतो. इतका प्रामाणिक दुभाषा कोणत्याही दूतावासाला मिळणार नाही.

हे सारे ऐकून आपण हसतो आणि 'मुले म्हणजे निष्पाप' असे म्हणून विषय संपवतो. परंतु मूल असे का बोलते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. कारण त्याच्या बोलण्याचे काय करायचे, हे त्यावरून ठरते.

१९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारला. गोष्ट साधी आहे. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवते. मुलगा परत आला की चॉकलेट कोठे शोधेल? मोठा माणूस म्हणेल, जेथे त्याने ठेवले होते तेथे. तीन वर्षांची मुले बहुधा म्हणतात, जेथे आईने हलवले तेथे. जे आपल्याला ठाऊक आहे ते गोष्टीतल्या मुलालाही ठाऊक असणार, असे ती गृहीत धरतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास हळूहळू उमज पडते की दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते.

एखादी गोष्ट लपवायची, तर समोरच्याला ती ठाऊक नाही हे आधी कळावे लागते. हे ज्याला अजून नीट कळलेले नाही, त्याच्या जगात गुपित नावाची वस्तूच नसते. म्हणून तर बालवर्गातले मूल गोष्ट मध्यापासूनच सुरू करते: 'बाई, मग ना, ते काका रडले.' कोणते काका, कोठे, केव्हा, याचा पत्ता नाही. बाई जणू काल रात्री त्यांच्या घरीच होत्या. घर आणि बाहेर यांच्यामध्ये आपण जो उंबरठा मानतो, तो त्या वयात अजून बांधला गेलेला नसतो. या प्रामाणिकपणाला सद्गुण म्हणून डोक्यावर घ्यायला नको, आणि आगाऊपणा म्हणून त्याला चापट मारायलाही नको. तो वाढीचा एक टप्पा आहे.

याच टप्प्यावर मुले खोटेही बोलतात, हेही सांगितले पाहिजे. ओठांवर दुधाची मिशी असताना 'दूध मांजराने प्यायले' असे सांगणारे मूल कोणी पाहिले नाही? 'काल आमच्या गच्चीवर वाघ आला होता' हे तर रोजचेच. जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविचारावरील ग्रंथात मुलांपुढे असा प्रश्न ठेवला होता: चुकून पंधरा कप फोडणारा अधिक वाईट, की न विचारता खाऊ काढताना एकच कप फोडणारा? लहान मुले पुष्कळदा पंधरा कपांकडे बोट दाखवतात. हेतू कसा होता यापेक्षा किती फुटले, हे त्यांना अधिक ठळक दिसते. आई-वडिलांविषयी बोलतानाही मूल हेतू पाहत नाही, निवाडा करत नाही. जे दिसले, जे ऐकू आले, ते मांडते. 'बाबा ओरडले' एवढेच ते सांगते. बाबांचे त्या दिवशी कार्यालयात काय बिनसले होते, हे त्याच्या हिशेबात नसते.

आता मोठ्यांकडे वळू. मुलाच्या या स्वभावाशी मोठ्यांनी कसा व्यवहार केला, याचे एक ठळक उदाहरण आपल्या दिल्लीनेच घालून दिले आहे. ते म्हणजे नर्सरी प्रवेशाची मुलाखत. जागा थोड्या आणि अर्ज अमाप, म्हणून अनेक नामांकित शाळा तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या पालकांना समोर बसवून प्रश्न विचारत. मुलाला रंग, आकार, फळे विचारली जात. त्यात पालकांची फारशी भीती नव्हती. भीती होती ती पुढच्या प्रश्नांची. घरी कोण कोण असते? टीव्ही किती वेळ पाहतोस? बाबा रागावतात का? रात्री गोष्ट कोण सांगते? या प्रश्नांची खरी उत्तरे मुलाला ठाऊक होती, हीच अडचण होती. मग घरोघर तालमी सुरू झाल्या. टीव्ही 'थोडाच वेळ', गोष्ट 'रोज', बाबा 'कधीच नाही'. अशा मुलाखतींच्या तयारीचे वर्गही निघाले. शाळेची पायरी चढण्यापूर्वी मुलाला मिळालेला पहिला धडा असा होता की, आपल्या घराविषयी जे खरे आहे ते सांगण्याजोगे नाही.

हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ साली अशोक गांगुली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलाखतीऐवजी घराचे शाळेपासूनचे अंतर, त्याच शाळेतील भावंड, पालक माजी विद्यार्थी असणे अशा निकषांवर १०० गुणांची पद्धत तिने सुचवली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठरवला. हा कायदा मुख्यतः ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी असल्यामुळे नर्सरीला तो कितपत लागू होतो, यावरही दिल्लीत न्यायालयीन वाद झाला. गुणपद्धतीचे निकषही पुढे वेळोवेळी बदलले. त्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, तीन वर्षांच्या मुलाला खरे बोलता यावे यासाठी समिती नेमावी लागली आणि कायदा करावा लागला.

मराठी बालशिक्षणाची परंपरा याहून वेगळी आहे, आणि ती आपल्या वारशाचा भाग आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये रुजले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर तो देशभर पोहोचला.

अंगण ही जागा विचार करण्याजोगी आहे. ती घरही नाही आणि बाहेरही नाही. अंगणात वर्ग भरला की शिक्षिकेला चूल पेटली आहे की नाही ते दिसते, आजारी आजोबा दिसतात, मोठ्या बहिणीच्या कडेवरचे बाळ दिसते. मुलाला काही लपवावे लागत नाही आणि काही उघडही करावे लागत नाही. दिल्लीतही असे काम उभे राहिले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. तेथे मातीत खेळणारी मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी त्यांच्यासाठी पाळणाघर सुरू केले. त्यातूनच 'मोबाइल क्रेश' ही संस्था वाढली. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच आहे. अशा ठिकाणी एखादे मूल 'काल आम्ही जेवलो नाही' असे सांगते, तेव्हा तेही ब्लाउजपीसच्या गोष्टीइतकेच सहज सांगते. सांगणाऱ्याच्या लेखी दोहोंत फरक नसतो. तो फरक ऐकणाऱ्याला कळावा लागतो.

येथे विषयाची दुसरी बाजू सुरू होते. ज्या तोंडातून आजीची आणि ब्लाउजपीसची गोष्ट बाहेर पडते, त्याच तोंडातून एखाद्या दिवशी असे काही बाहेर पडते की बाईंचा हात खडूसकट थांबतो. 'बाबा आईला मारतात.' 'ते काका मला आवडत नाहीत, ते दार लावतात.' मूल हे सांगताना बहुधा रडत नाही. रंगीत खडू निवडता निवडता सांगते. गंमत म्हणून ऐकण्याची सवय लागलेला कान येथे चुकू शकतो. 'गच्चीवर वाघ आला' आणि 'काका दार लावतात' या दोन वाक्यांतला फरक ओळखण्याचे कसब बालवर्गाच्या शिक्षिकेइतके कोणालाच लागत नाही. त्यासाठी उलटतपासणी करू नये, शब्द तोंडात घालू नयेत, चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नये. मूल जेवढे सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे.

कायद्यानेही या बोलण्याला मान दिला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये साक्षीदारासाठी किमान वय घातलेले नव्हते. प्रश्न समजून समंजस उत्तर देता आले, तर लहान मूलही साक्ष देऊ शकते, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही तेच तत्त्व राखले आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. न कळवणे हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी दिल्लीच्या कडकडडूमा न्यायालयात अशा साक्षीदारांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आरोपी समोर न दिसता, खेळणी असलेल्या खोलीत बसून मुलाला बोलता यावे, अशी ती व्यवस्था होती. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी केंद्रे अन्य राज्यांतही उभारण्यास सांगितले. मुलाकडून खरे ऐकायचे असेल तर आधी खोली बदलावी लागते, हे न्यायव्यवस्थेला उमगले. शाळेला ते त्याहून आधी उमगायला हवे, कारण मूल पहिल्यांदा बोलते ते बहुधा न्यायालयात नव्हे, घरात किंवा वर्गात.

यावरून घराने आणि शाळेने करण्याजोग्या काही साध्या गोष्टी निघतात. पहिली पालकांसाठी. पाहुणे गेल्यावर 'असे का बोललास?' म्हणून मुलाला रागावले जाते. त्या रागावण्यातून ते एवढेच शिकते की खरे बोलले की मार बसतो. त्याऐवजी त्याला दोन गोष्टींतला फरक हळूहळू समजावता येतो: समोरच्याला वाईट वाटेल असे काही आपण बोलत नाही, ही रीत झाली, आणि आपल्याला भीती वाटेल, दुखेल, असे काही झाले तर ते आईला, बाबांना, बाईंना नेहमी सांगायचे, हा नियम झाला. 'कोणालाही सांगू नकोस' हे वाक्य घरात जितके कमी वापरले जाईल तितके बरे. ब्लाउजपीस लपवण्यासाठी शिकवलेले मौन पुढे कोणी दुसराच आपल्या सोयीसाठी वापरू शकतो.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. वर्गात कळलेली घरची बातमी शिक्षक-खोलीतल्या चहाबरोबर वाटली जाऊ नये. पालक-सभेत 'तुमचा मुलगा काय सांगत होता माहीत आहे का?' असे म्हणून सर्वांसमोर हशा पिकवला, तर तो हशा त्या मुलाला संध्याकाळी महागात पडतो. मुलाने विश्वासाने दिलेली वस्तू बाईंनी पदराखाली ठेवावी. ती बाहेर काढावी लागेल असा गंभीर प्रसंग आला, तर मात्र अजिबात मागे हटू नये.

तिसरी गोष्ट भाषेची. घराविषयीचे खरे बोलणे घराच्याच भाषेत सुचते. घरी मराठी बोलणारे मूल परक्या भाषेच्या वर्गात बसवले की ते काही दिवस मुके होते. रंगांची नावे लवकर येतात, 'आई दमते' हे मात्र तिथे सांगता येत नाही. मातृभाषेतील बालवर्गाचे समर्थन आपण संस्कृतीच्या नावाने नेहमी करतो. त्याला हे आणखी एक कारण जोडावे: मुलाला ज्या भाषेत तक्रार करता येते, ती भाषा समजणारे एक तरी मोठे माणूस वर्गात असले पाहिजे.

राहता राहिला प्रश्न मोठ्यांच्या अवघडलेपणाचा. मूल चारचौघांत बोलले आणि आपली मान खाली गेली, तर ती मुलाच्या बोलण्यामुळे गेली की आपल्या वागण्यामुळे, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही. तिकीट काढले असते तर वरच्या बर्थची भीती नव्हती. भाजीवाल्याला वजन नीट करायला तोंडावर सांगितले असते, तर दुभाष्याची गरज नव्हती. आणि 'आई दमते' या उत्तरावर हसून झाले की घरी जाऊन ताटे कोणी उचलावीत, याचा विचार करता येतो. घर सुधारण्याची इतकी नेमकी आणि विनामूल्य सूचना दुसऱ्या कोणाकडून येत नाही.

या विद्यालयाच्या बालवर्गातून आजवर कितीतरी घरांच्या बातम्या आल्या असतील, आणि त्या ऐकून पोटात ठेवणाऱ्या कितीतरी बाई होऊन गेल्या असतील. त्यांची नावे निकालपत्रकांत आढळणार नाहीत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्या सर्व बाईंना वंदन करावे, आणि पुढील पिढ्यांतील मुलांनाही असेच ऐकणारे कोणी लाभो, अशी सदिच्छा व्यक्त करावी.